कसारा ते माळशेज सायकलवर, नद्यांच्या मागे मागे: माझा अनुभव

सायकलवर घाट चढायचा म्हणजे मांड्या लोखंडाच्या पाहिजेत असं मला जो तो सांगायचा. माझं मत विचाराल तर मांड्या नंतर, आधी गिअर बघा. माझी साधी हायब्रिड आहे, पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान २८ दातांची, आणि मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, मी निघायच्या आधी मुद्दाम मोठी, ३४ दातांपर्यंतची बसवून घेतली. २८ ला ३४ म्हणजे पेडलचा एक पूर्ण फेरा मारला तरी मागचं चाक पूर्ण फेरा घेत नाही, स्पीड मिळतो ताशी सहा-सात किलोमीटर, चालण्यापेक्षा जरासा जास्त, पण त्या स्पीडने तासन् तास बसून चढता येतं, धाप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलत नाहीत. बहुतेकजण घाटाच्या सुरुवातीलाच जोर काढतात आणि तिसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलतात. बोलता बोलता चढता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की गिअर खाली, एवढाच नियम आम्ही पाळला.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. बेत असा की मुलुंडहून कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घाट चढून इगतपुरी, घोटी, भंडारदरा, मग राजूर, अकोले, कोतूळ, ओतूर आणि माळशेजने खाली उतरून परत. नोव्हेंबर निवडला कारण पावसात हे रस्ते डेंजर, माळशेजला दरड येते आणि धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, आणि मार्चनंतर ऊन जीव घेतं. नोव्हेंबरात ओढ्यांना पाणी असतं, भातकापणी चालू असते, सकाळी थंडी पण असते.

लोकलचं आधी नीट विचारून घ्या. आम्ही आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन चौकशी केली, सायकलचं लगेजचं तिकीट वेगळं काढलं आणि पहाटेच्या गाडीला लगेजच्या डब्यात चढलो. डब्यात भाजीच्या रिकाम्या पाट्या, दुधाचे कॅन, दोन मावश्या टोपल्यांना टेकून झोपलेल्या. एका काकांनी स्वतःच सुतळी काढून आमच्या सायकली दांड्याला बांधून दिल्या, "कसाऱ्यापर्यंत हलणार नाय बघा," म्हणाले, आणि खरंच हलल्या नाहीत.

कसारा घाटात जाणारा आणि येणारा रस्ता वेगळा आहे, त्यामुळे समोरून ट्रक येत नाही, ही मोठी सोय. मागून मात्र येतात, आणि लोड भरलेला ट्रक पण जवळजवळ आपल्याच स्पीडने चढतो, त्याचा धूर खात बसण्यापेक्षा सरळ थांबा आणि जाऊ द्या. मागचा लाल लाइट दिवसासुद्धा चालू ठेवा. बाजूला कुठेतरी रेल्वेची लाइन दिसते, १८६५ सालापासूनची, चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणून अजूनही कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. आपल्यामागे लावायला कोणी नाही! साधारण ३०० मीटर उंची चढून घाटनदेवीच्या देवळाशी पोचलो तेव्हा उन्हं नुकती तापायला लागली होती.

इथूनच मला त्या नद्यांच्या प्रकरणाने धरलं. घाटाच्या खालचं पाणी भातसा-वैतरणेकडे जातं, म्हणजे आपण मुंबईत जे पितो ते. घाट चढून घोटीकडे गेलं की दारणेचं पाणी, ते गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागराला. गाडीतून हे नुसतं भूगोलाच्या पुस्तकातलं वाटतं, सायकलवर ते पायाला कळतं, कारण प्रत्येक चढ म्हणजे दोन नद्यांमधली भिंत असते आणि उतार लागला की समजायचं पुढची नदी आली. मग मी तेच करत गेले, प्रत्येक खिंडीला थांबून विचारायचं, इकडचं पाणी कुठे जातं आणि तिकडचं कुठे.

घोटी ते बारी रस्ता सुंदर आहे, उजवीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले उभे आणि पुढे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. बारीची खिंड ओलांडली की प्रवरेचं खोरं सुरू. मुक्काम शेंडीला, भंडारदरा धरणाच्या गावात. हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, नुसतं दगडी बांधकाम, अजून धडधाकट. दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून जलाशयाला वळसा मारला, घाटघर, साम्रद, रतनवाडी. बिनसामानाची सायकल काय पळते! रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघा, घाई करू नका. घाटघरला कोकणकड्यावरून खाली शहापूर तालुका दिसतो, आणि तिथेच २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की परत खाली सोडून वीज काढतात. साम्रदच्या सांदण दरीत आम्ही अगदी तोंडाशीच जाऊन आलो, दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद, पण आत उतरायला वेगळा दिवस आणि माहीतगार माणूस पाहिजे.

रंधा धबधब्याला मी मात्र बराच वेळ बसले. प्रवरा तिथे दीडशे फुटांच्या आसपास खाली पडते आणि मग खोल घळईतून जाते. कठड्याला धरून खाली बघितलं की समोरच्या भिंतीत थर दिसतात, एकावर एक, आडवे, काही जाड काळे, मधे एखादा तांबूस पातळ. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. नदी हळूहळू त्यातून खाली गेली. जिथे थर मऊ तिथे भिंत आत गेलीये आणि वरचा कठीण थर छज्जासारखा बाहेर आलाय, त्या छज्जाखाली पारव्यांची घरटी. धरणातून पाणी सोडलेलं असलं तर आवाज लांबूनच येतो. कठडा ओलांडून फोटो काढणारे होते, कृपा करून तसं करू नका, दगड शेवाळलेला असतो.

राजूरला पेढे घेतले, विठा घाट उतरून अकोल्यात जेवलो, आणि कोतूळच्या रस्त्याला लागलो. आता प्रवरा सोडून मुळेच्या खोऱ्यात. या दोन बहिणी इथे डोंगराने वेगळ्या होतात आणि पुढे नेवाशाकडे परत भेटतात. कोतूळच्या पुढे ब्राह्मणवाड्याच्या बाजूला मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. असा काटा टायरमधून पूर्ण काढला नाही तर नवी ट्यूबपण लगेच जाते, म्हणून टायरच्या आतून बोट फिरवून टोक शोधावं लागतं. भोक सापडेना, तेव्हा शेजारच्या गोठ्यातून एक आजोबा घमेलं भरून पाणी घेऊन आले, ट्यूब बुडवून स्वतःच दाबत दाबत फिरवली आणि बुडबुडा आल्यावर तिथे अंगठा ठेवून म्हणाले, "हे बघा ताई, हितंय." सोल्युशन वाळेपर्यंत मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, वरच्या खिंडीपलीकडचं पाणी कुठे जातं म्हणून. गळ्यात तुळशीची माळ होती त्यांच्या. जराही विचार न करता म्हणाले, "हिकडचं पैठणला जातं, तिकडचं पंढरपूरला."

मी नंतर नकाशात बघितलं, शब्दशः खरं आहे. अलीकडचा पाऊस मुळेतून प्रवरेला, प्रवरेतून गोदावरीला, ती पैठणवरून जाते. पलीकडचा पुष्पावती, कुकडी, घोड असं करत भीमेला, आणि भीमा म्हणजेच पंढरपूरची चंद्रभागा. हरिश्चंद्रगडाची रांग मधे उभी आहे आणि एकाच ढगाचं पाणी नाथांच्या आणि विठोबाच्या पायाशी वाटून देते. एवढा मोठा भूगोल मला कुणी इतक्या कमी शब्दांत शिकवला नव्हता.

त्या खिंडीचा चढ या सगळ्या वाटेत मला सगळ्यात जड गेला, दुपारचं ऊन, सावली नाही, आणि पाण्याची बाटली ब्राह्मणवाड्यालाच भरून घ्यायला लागते. पण माथ्यावर मी दोन्हीकडे वळून बघितलं, आधी पैठणकडे, मग पंढरपूरकडे.

ओतूरहून मढ, मग पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या पाण्याजवळून माळशेजच्या तोंडाशी पोचलो. उतार बघून हुरळून जाऊ नका. सामान असलेली सायकल उतारावर फार वेग घेते आणि ब्रेक धरूनच ठेवला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, दाबा, सोडा, मागचा आणि पुढचा दोन्ही, आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. बोगद्यात शिरताना गॉगल काढा, लाइट लावा. सकाळी लवकर उतरलो म्हणून गर्दी नव्हती, रविवारी दुपारी हाच घाट सायकलवाल्याचा राहत नाही.

खाली मोरोशीला गरम वडापाव, आणि हवा एकदम दमट, कोकणची. इथलं पाणी काळू नदीचं, उल्हासला मिळून वसईच्या खाडीला. टोकावडे, सरळगाव, मुरबाड हा रस्ता सपाट आणि कंटाळवाणा आहे, मान खाली घालून मारायचा. कल्याणची गर्दी टाळायची असेल तर गोवेलीवरून टिटवाळ्याला वळा, तिथे परत काळूच भेटते, आणि दुपारच्या लोकलला लगेजच्या डब्यात आरामात जागा मिळते. घरी आल्यावर ब्रेकचे पॅड तपासा, आमचे दोघांचेही मागचे अर्धे झिजले होते, बदलायला फार खर्च नाही. पुढचा बेत वैतरणेच्या उगमाकडचा आहे, त्र्यंबकच्या बाजूने, कोणाला तिकडच्या रस्त्यांची आत्ताची अवस्था माहीत असेल तर नक्की सांगा.