जानापावचा मनोरा आणि घाटातली छाया : राज्यव्यापी वायरलेस जाळ्याच्या अभ्यासाची नोंद

पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि वनविभाग यांना संकटाच्या वेळी एकाच जाळ्यावर बोलता यावे, यासाठी राज्यभर उभारल्या जाणाऱ्या वायरलेस व्यवस्थेचा आराखडा माळव्यापुरता कागदावर मांडून पाहण्याचे काम मी इंदूरला घरबसल्या करीत आहे. त्याचा दुसरा टप्पा आता पूर्ण झाला. नव्याने येणाऱ्यांसाठी एवढे सांगतो, की पोलिसांचे संभाषण ऐकणे रेडिओच्या या छंदात बसत नाही. आपले क्षेत्र म्हणजे गणित, नकाशे आणि परवान्याने मिळालेला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, पट्टा.

पहिल्या टप्प्यातला चॅनेलांचा हिशेब थोडक्यात असा. एकच चॅनेल ६० टक्के वेळ व्यग्र असेल, तर बोलू पाहणाऱ्या दर दहांपैकी सहांना थांबावे लागते. तितक्याच व्यग्रतेचे पाच चॅनेल एकत्र करून कंट्रोल चॅनेलमार्फत, म्हणजे कोणाला कोणता चॅनेल द्यायचा ते कळवणाऱ्या वेगळ्या चॅनेलमार्फत, मागणीप्रमाणे वाटले, तर थांबावे लागण्याची शक्यता सुमारे २४ टक्क्यांवर येते आणि दहा चॅनेल एकत्र केले, तर १० टक्क्यांवर. अशा सामाईक वाटपाची, म्हणजे ट्रंकिंगची, सारी ताकद या एका गणितात आहे, आणि वेगवेगळ्या खात्यांनी आपापले चॅनेल वेगळे राखण्याचा आग्रह का सोडावा, याचे उत्तरही त्यातच आहे.

या वेळचे काम भूभागाचे होते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महूजवळची जानापावची टेकडी सुमारे ८५० मीटरवर आहे. म्हणजे तेथील मनोऱ्याला पठारापेक्षा ३०० मीटरची उंची आयतीच मिळते. मनोरा आणि गाडीवरची अँटेना या दोन्हींच्या मीटरमधल्या उंचींच्या वर्गमुळांच्या बेरजेला ४.१२ ने गुणले, की रेडिओ क्षितिज, म्हणजे मध्ये अडथळा नसताना संकेत पोहोचण्याची हद्द, किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटरवर अँटेना असलेल्या गाडीसाठी ते सुमारे ७६ किलोमीटर भरते आणि उज्जैन त्याच्या काठावर येते. हे वर्तुळ नकाशावर फार देखणे दिसते, आणि मला वाटते, त्यामुळेच ते फसवे आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने रडारने मोजलेल्या उंचीच्या नोंदी ३० मीटरच्या बारकाईने घेऊन भूभागाच्या चढउतारांवरून संकेताची हानी काढणाऱ्या लाँगली-राइस पद्धतीने गणित केले, तेव्हा उत्तरेकडचे पठार अपेक्षेप्रमाणे भरून आले. मात्र दक्षिणेला, जिथे पठार संपून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतार लागतो, तिथे छायेचे, म्हणजे मध्ये डोंगर आल्याने संकेत पोहोचत नाही अशा जागांचे, लांब पट्टे उमटले. सिमरोलच्या पुढचा भेरूघाट अशाच पट्ट्यात सापडतो.

अशा जाळ्यांच्या करारांत ‘९५ टक्के क्षेत्रात संपर्क’ ही अट नेहमी आढळते. उरलेले पाच टक्के कुठे पडतात, हे मात्र टक्केवारी सांगत नाही. आपल्याकडे ते घाटाच्या वळणांवर पडतात, आणि मालमोटारी दरीत कोसळतात त्याही तिथेच. म्हणून क्षेत्राच्या टक्केवारीआधी रस्त्यांची टक्केवारी, आणि तीही घाटरस्त्यांची स्वतंत्रपणे, काढली पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

वारंवारितेचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. अमेरिकेत मिशिगन आणि मिनेसोटा राज्यांची जाळी मुख्यतः ८०० मेगाहर्ट्झवर आहेत, तर डोंगराळ वायोमिंगने आणि अलास्काने व्हीएचएफचा, म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, पट्टा निवडला. एका धारदार कड्यामागच्या खोल छायेत १५० ऐवजी ८०० मेगाहर्ट्झ वापरले, तर सुमारे ७ डेसिबेल अधिक हानी होते, म्हणजे संकेताची शक्ती सुमारे पाचपट घटते. २५ वॅटच्या गाडीतल्या संचाऐवजी ५ वॅटचा हँडसेट हाती घेतल्याने होणारे नुकसानही जवळजवळ तेवढेच आहे. हे दोन्ही एकत्र आले, तर डिजिटल आवाज आधी खरखरत नाही, तो एकदम तुटतो. शहरासाठी ८०० आणि घाटासाठी व्हीएचएफचा छोटा पूरक रिपीटर (आलेला संकेत पुन्हा प्रसारित करणारा संच), अशी मांडणी सध्या मला योग्य वाटते, जरी त्यामुळे दोन्ही पट्ट्यांवर चालणारे महाग संच घ्यावे लागले तरी.

मनोरा आणि मुख्य केंद्र यांच्यामधला दुवा तुटला, तर तो मनोरा आपल्यापुरते ट्रंकिंग चालू ठेवतो. त्याच्या आवाक्यातले लोक एकमेकांशी बोलू शकतात, पण त्यांचे बोलणे इंदूरला ऐकू येत नाही. मनोराच पडला, तर उरतो तो हँडसेट ते हँडसेट थेट संपर्क. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये दूरध्वनी बंद पडले असताना हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले, ते अशा थेट संपर्काच्याच बळावर. म्हणून आराखड्यात थेट संपर्काच्या चॅनेलांना मी परिशिष्टात न ठेवता पहिल्या पानावर जागा दिली आहे.

पुढचा टप्पा प्रत्यक्ष मोजणीचा. परवानाधारक मित्रांसह भेरूघाटातल्या ठरलेल्या वळणांवर हॅम पट्ट्यातच संकेताची तीव्रता नोंदवायची आहे; एक फेरी सागाची पाने गळलेली असताना, दुसरी ऐन श्रावणात, म्हणजे ओल्या पानांमुळे गणितात किती डेसिबेल वाढवायचे, ते कळेल. ज्यांच्याकडे घाटाच्या माथ्यावर अँटेना उभारण्यासाठी हलका खांब असेल, त्यांनी जरूर कळवावे.