उत्तर येते, पण उशिरा

शुक्रवार, रात्री साडेनऊ

आज दुपारी मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात एका शेतकऱ्याची गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करताना मी तीन वेळा बेरीज केली आणि तिन्ही वेळा मध्येच चुकलो. ३० किलोचे रवे होते, वजने समोर लिहिलेली होती, हमाली आणि तोलाई वजा करून रक्कम काढायची एवढेच काम होते. परंतु बाहेर सौद्याचा गलका चालू होता, शेजारी मालक फोनवर बोलत होते आणि तो शेतकरी पुढच्या गाडीचे विचारत होता. "दिवाणजी, ऱ्हाऊ द्या, मी बघतो," असे म्हणून मालकांनी वही हलकेच स्वतःकडे ओढून घेतली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तरीही २७ वर्षांत जी वही माझ्या हातून कोणी घेतली नव्हती, ती जाताना पाहणे मला फार जड गेले.

मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ काढून अडीच वर्षे झाली. गाठ हळू वाढणाऱ्या जातीची होती, पण ती पूर्ण निघाली नाही, म्हणून नंतर किरणोपचार घ्यावे लागले. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा लावून मी त्या यंत्राखाली निजत असे. फाइलवर रोजची मात्रा १.८ ग्रे (हे किरणांचे माप) आणि एकूण ३० वेळा असे लिहिलेले वाचून मी तिथल्या तिथे तोंडी गुणाकार करून ५४ सांगितले होते, आणि तिथल्या मुलीला त्याचे कौतुक वाटले होते.

त्या आठवड्यांत थकवा आला, केस गेले. उपचार संपल्यावर महिन्याभराने इतकी झोप येऊ लागली की जेवता जेवता डोळे मिटायचे, तीही ओसरली. हे सारे होईल असे आम्हाला आधी सांगितले होते. मात्र सहा महिन्यांनंतर, कधी एक-दोन वर्षांनंतरही, विचारांचा वेग आणि स्मरण हळूहळू उणे होऊ शकते, आणि ते बहुधा पूर्ववत होत नाही, हे आम्हाला कोणी नीट समजावून सांगितले नाही. संमतीच्या कागदावर ते कदाचित असेल. त्या दिवशी कागद वाचण्याच्या मनःस्थितीत घरात कोणीच नव्हते.

नव्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात चाचणी घेतली. बारा शब्द वाचून दाखवले आणि मधला काही वेळ दुसरे काम देऊन पुन्हा विचारले. मला पाच आठवले. त्यांनी सांगितले की कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवी आठवण तिथे रुजते, आणि तिथल्या नव्याने जन्मणाऱ्या पेशींना किरणांची झळ फार लवकर बसते. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते आणि मेंदूच्या तंतूंवरचे आवरण झिजते, त्यामुळे निरोप पोचायला उशीर होतो. हे मला पटकन उमगले, कारण आमच्याकडे तोलणारा वजन पुकारतो आणि दिवाणजी लिहितो. पुकारा उशिरा आला की लिहिणारा कितीही तयार असला तरी पट्टी अडते. माझ्या बाबतीत मूळ गाठ, शस्त्रक्रिया आणि फिट येऊ नये म्हणून चालू असलेल्या गोळ्या यांचाही वाटा असू शकतो, हेही त्यांनी स्पष्ट केले, आणि थायरॉईड व इतर संप्रेरकांच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण त्यातले काही सापडले तर त्यावर निदान उपाय तरी करता येतो.

मुलीने मला वाचून दाखवले की मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये गाठ असलेल्या २०० मुलांवर आणि तरुणांवर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि किरण गाठीपुरते नेमके बांधून दिले तेव्हा पाच वर्षांनंतरही त्यांची बुद्धी अधिक चांगली टिकली. पूर्ण मेंदूला किरण द्यावे लागतात तेव्हा हिप्पोकॅम्पस वाचवण्याची पद्धतही आता आहे. २०२० मधल्या एका मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला. ऐकून बरे वाटले. कोणीतरी या नुकसानीला नुकसान मानून त्यावर काम करीत आहे, हीच मला दिलासा देणारी गोष्ट आहे.

कारण घरात आणि पेठेत हे नुकसान कोणाच्या खात्यावर लिहिलेलेच नाही. गाठ वाढलेली नाही, एमआरआय स्वच्छ आहे, म्हणजे माणूस बरा झाला, असा सगळ्यांचा हिशेब आहे. हिला वाटे की मी तिचे बोलणे मुद्दाम कानाआड करतो. आज सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला निघताना तिने दोन कामे एकदम सांगितली, त्यातले दुसरे माझ्यापर्यंत पोचलेच नाही. "अहो, आत्ताच तर सांगितलं की!" ती म्हणाली. महाद्वार रोडच्या गर्दीत तर मी तिच्याशी बोलूच शकत नाही. चालणे, वाहने चुकवणे आणि उत्तर देणे ही तीन कामे एका वेळी होत नाहीत. धाकटा भाऊ म्हणतो, मन रमव, रंकाळ्यावर फिरायला जा. मी रोज जातो, चालून आल्यावर डोके जरा हलकेही होते. पण हा मनाचा आळस नाही, हे त्याला अजून पटलेले नाही. आधी कळले असते तरी मी उपचार घेतलेच असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण मग माझ्या माणसांनाही ते कळले असते, आणि ही दोन वर्षे माझ्या उशिराला त्यांनी बेफिकिरी मानले नसते.

संध्याकाळी दुकान बंद होताना मी मालकांना सगळे सांगितले. मधे दोनदा शब्द अडले. ते थांबून राहिले. मग त्यांनी विचारले, आतल्या खोलीत, दार लावून, एका वेळी एकच पट्टी दिली तर जमेल का. मी हो म्हटले आणि प्रत्येक बेरीज यंत्रावर पुन्हा तपासीन असेही सांगितले. सोमवारपासून तसे बसायचे ठरले आहे. भावाला मात्र फोनवर सांगणे जमणार नाही, तिथे शब्द फार अडतात. उद्या सकाळी डोके ताजे असताना त्याला पत्र लिहायला बसेन.