सानरेमोच्या रस्त्यावरची १९७८ची पाटी

रोम आणि फ्लोरेन्सबद्दल सगळेच लिहितात, मी थेट जेनोआला येतो. बंदराजवळच्या व्हिया देल काम्पो या बोळात 'ब्लॅक विडो रेकॉर्ड्स' नावाचं दुकान आहे. इटालियन प्रॉगचे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचे, वेडे तिथे वारीला आल्यासारखे येतात. मला हवी होती म्युझेओ रोझेनबाख या बँडची १९७३ची 'झरतुस्त्रा'. मूळ एलपीच्या किमतीकडे बघवत नाही. नंतर निघालेली प्रत घेतली.

एका बाजूला वीस मिनिटांची सलग रचना, मेलोट्रॉन या टेपवरचे सूर वाजवणाऱ्या की-बोर्डचे दाट सूर. पण घात केला मुखपृष्ठाने. काळ्या पार्श्वभूमीवर तुकडे जोडून केलेला चेहरा आणि त्या तुकड्यांत मुसोलिनीचा अर्धपुतळा! त्यात विषय जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शेचा. राजकारणाने तापलेल्या तेव्हाच्या इटलीत एवढं पुरलं. पोरं फॅसिस्ट नव्हती, तरी शिक्का बसला. सरकारी नभोवाणीने पाठ फिरवली आणि त्या एकाच अल्बमवर बँड मोडला.

पुढे रेल्वेने सानरेमो. किनाऱ्याकाठच्या या प्रवासाचं कौतुक ऐकून खिडकी धरून बसलो, तर मार्ग बराचसा डोंगरात वळवलेला. समुद्र कमी, बोगदेच जास्त. सानरेमोचं स्टेशनही जमिनीखाली. बॅग ओढत वर येईपर्यंत डोकं तापलं होतं.

व्हिया मात्तेओत्तीवर आलो आणि ते सगळं विसरलो. सानरेमोचा गाण्यांचा महोत्सव होतो ते आरिस्तोन थिएटर इथेच आहे. महोत्सवात जिंकलेल्या गाण्यांच्या पाट्या रस्त्याच्या फरशीत बसवल्या आहेत. १९७८च्या पाटीवर मातिया बझार. त्या पॉप बँडचा ड्रमर जानकार्लो गोल्झी म्हणजे 'झरतुस्त्रा'चाच ड्रमर, आणि जन्मही याच गावातला. मी त्या पाटीपाशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. प्रॉगवाले अशा माणसाला बाजारू ठरवून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्याचं उत्तम काम कुणी ऐकूनच घेतलं नाही, त्याने वाजवणं सोडलं नाही, हेच मला मोठं वाटतं.

शिवाय 'झरतुस्त्रा' विसरली गेली नाही, आणि त्यानेही प्रॉग सोडलं नाही. 'झरतुस्त्रा'च्या एका भागाचं नाव घेऊन जेनोआत 'इल तेंपियो देल्ले क्लेसिद्रे' हा नवा बँड उभा राहिला. २०१०च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर 'झरतुस्त्रा'चे जुने गायक गालिफी गायले. तो ब्लॅक विडोनेच काढला. २०१३ मध्ये पुन्हा एकत्र आलेल्या रोझेनबाखचा 'बार्बारिका' हा अल्बम आला, ड्रमवर गोल्झीच. २०१५ मध्ये तो गेला.

पाट्या फक्त महोत्सव जिंकणाऱ्यांनाच मिळतात, हे मला माहीत आहे. तरी त्या रस्त्यावर 'झरतुस्त्रा'ची एक पाटी हवीच होती.