मासे तळण्यापुरती जागा

न्यू जर्सीत घर विकायला काढलं की एजंट जाहिरातीत मागच्या डेकचा, म्हणजे घराला जोडलेल्या उघड्या लाकडी ओट्याचा, एक तरी फोटो टाकतोच. मोठी छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलावर लिंबाच्या चकत्या तरंगणारा काचेचा जग. माणूस मात्र फोटोत नसतो, आणि तेवढा भाग अगदी खरा असतो. नोव्हेंबर ते मार्च डेकवर बर्फ, नाहीतर कुजकी पानं. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या परागकणांचा असा थर की बोटाने नाव लिहावं. जुलैत डास. उरलेल्या दिवसांत लोक स्वयंपाकघराच्या काचेतून डेककडे बघतात आणि 'यंदा बसायला हवं बाहेर' असं म्हणतात. एवढ्यासाठी माणूस गाडीच्या किमतीइतके पैसे का घालतो, हे मला कधी समजलं नसतं. पण माझी बायको मालवणची आहे.

अमेरिकन घर मासे तळण्यासाठी बांधलेलंच नसतं. भिंती जिप्समच्या, जिन्यावर गालिचा, आणि गरम-गार हवा घरभर फिरवणारी एकच यंत्रणा. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हला खालून पंखा असतो, तो धूर ओढतो आणि बऱ्याच घरांत वरच्या जाळीतून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो. शुक्रवारी रात्री सुरमई तळली की सोमवारी कपाटातला कोट घालून ऑफिसला गेलेल्या माणसाभोवती दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. मग ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारातून आणलेली सुरमई, बोंबील मिळाले तर बोंबील, हे सगळं डेकवर जातं. गॅसच्या नळकांड्यावर चालणारी शेगडी, बिडाचा तवा, परातीत रवा आणि तांदळाचं पीठ. फेब्रुवारीतही. अंगात जॅकेट, हातात उलथनं, डोक्यावर टोपी. आई येते त्या उन्हाळ्यात याच डेकवर कुरडया आणि सांडगे वाळतात, वरून जाळी घालून, कारण इथल्या खारी फार धीट आहेत. आमच्यासारख्या घरांमध्ये डेक ही स्वयंपाकघराची हद्दपार खोली असते, हे एजंटला माहीत नाही म्हणून तो लिंबाच्या जगाचा फोटो काढतो.

आमचा जुना डेक १९९८ सालचा. त्या वेळचं दाबाखाली औषध पाजलेलं पाइन, हिरवट झाक असलेलं. त्या औषधात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. किडीला ते मारायचं यात शंका नाही. पण लहान मुलं ज्या लाकडावर रांगतात त्यात सोमल नको, असं ठरून २००३ च्या अखेरीला घरगुती बांधकामासाठी त्याचा वापर थांबला. आता पाइनला तांब्याचीच औषधं पाजतात, पण सोमलाशिवाय.

सोमल पचवून इतकी वर्षं उभं राहिलेलं आमचं लाकूड शेवटी हरलं ते पाण्यापुढे आणि भुंग्यापुढे. भुंगा कोरडं लाकूड पोखरतो आणि कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कमळाचं मी सांगू शकत नाही. आमच्या रेलिंगमध्ये तो दर वसंतात यायचा आणि गिरमिटाने पाडावं तसं अर्धा इंच व्यासाचं गोल भोक पाडून आत वळायचा. त्यामागून सुतारपक्षी यायचा, भुंग्याच्या अळ्या शोधत. भुंगा निदान कलाकुसरीने काम करतो. सुतारपक्षी नाव सुताराचं लावतो आणि काम कुऱ्हाडीचं करतो.

बदलायचं ठरलं होतं ते २०२१ मध्ये. ते साल लाकूड घ्यायचं नव्हतं. महामारीच्या सुरुवातीला, आता कोण घरं बांधणार, म्हणून गिरण्यांनी उत्पादन कमी केलं, आणि घरात कोंडलेल्या अख्ख्या देशाला एकदम डेक आठवले. आधी हजार बोर्ड फुटांना (हे लाकूड मोजायचं इथलं माप) ४०० डॉलरच्या आसपास असणारा वायद्याचा भाव त्या मे महिन्यात १,६०० च्या वर गेला. आम्ही सडक्या दोन फळ्यांवर प्लायवूडचा तुकडा ठोकला आणि मासे तळत राहिलो.

पुढे भाव उतरले, मजुरी उतरली नाही. १६ बाय २० फुटांचा, म्हणजे ३२० चौरस फुटांचा डेक, जुना उखडून नेण्यासकट. औषधी पाइनचा अंदाज आला साधारण १६,००० डॉलर. प्लास्टिक आणि भुसा मिसळून केलेल्या फळ्यांचा, ज्याला इथे सगळे कॉम्पोझिट म्हणतात, २७,५००. आणि ब्राझीलहून येणाऱ्या इपे नावाच्या कठीण लाकडाचा ३८,०००.

इपेचा नमुना मी हातात घेतला तेव्हा मोह झाला, हे कबूल करतो. तपकिरी, तुपासारखा गुळगुळीत, आणि वजनाला असा की पाण्यात टाकला तर तळ गाठतो. खिळा सहज आत जात नाही, आधी भोक पाडावं लागतं. चाळीस वर्षं टिकतो म्हणतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला जड जात नाही. पण जंगलतोडीमुळे नोव्हेंबर २०२४ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला आहे, परवान्याशिवाय माल हलत नाही. आणि ३८,००० डॉलरच्या लाकडावर कोणी मला मासे तळू दिले नसते. मीच दिले नसते.

सागवानाची तर मी चौकशीही केली नाही. आपल्याकडे वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात पाण्यावर तरंगते आहे. लाकूड काय असावं याचा निकाल खरं तर तिथेच लागला. पण ते आरमाराच्या पैशाने बांधलेलं होतं.

म्हणजे झुंज पाइन आणि कॉम्पोझिटमध्ये. पाइन स्वस्त, पण दर दोन-तीन वर्षांनी धुवा, वाळवा, स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग लावा. स्टेन लावायला सलग दोन कोरडे दिवस लागतात, आणि आमच्याकडे ते नेहमी कुणाच्या तरी मुंजीच्या किंवा गणपतीच्या शनिवार-रविवारी येतात. शिवाय नवं पाइन ओलसर असतं, वाळताना पीळ खातं, फटी वाढतात. पडलेला लसूण फटीतून खाली जातो, तो परत मिळत नाही.

कॉम्पोझिटला स्टेन नको, तुसं नाहीत, भुंगा तोंड लावत नाही. सुरुवातीच्या काळातल्या फळ्या उघड्या असायच्या, आतल्या भुशाला बुरशी धरायची. आता वर प्लास्टिकचं कवच असतं. या धंद्यातली मोठी कंपनी ट्रेक्स म्हणते की आमच्या फळीत ९५ टक्के माल जुनाच असतो: लाकडाचा भुसा, आणि पिशव्या, पॅकिंगची वेष्टनं असलं प्लास्टिक. न्यू जर्सीने मे २०२२ मध्ये दुकानांतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा आमच्या सिंकखाली जमवलेल्या पिशव्यांचा ढीग अचानक दुर्मीळ ठेवा झाला होता. त्याच पिशव्या आता पंचवीस वर्षांची हमी घेऊन परसात येणार. पुनर्जन्मावर विश्वास नसेल तर हे बिल बघावं.

दोष दोन. एक, उन्हात तापतात, गडद रंगाच्या तर जास्तच. जुलैच्या दुपारी अनवाणी गेलात तर नाच होतो. दुसऱ्या दोषाकडे येतोच.

रंगावरून घरात पंधरवडा चर्चा चालली. मी दरम्यान कागदावर हिशेब केला. साडेपाच इंच रुंदीच्या, वीस फुटी फळ्या, मधली फट धरून ३४ लागतात. एकूण ६८० फूट. फुटाला साडेपाच डॉलर धरले तर ३,७४० डॉलर. म्हणजे ज्या फळीच्या रंगावर, रेषांवर, कडेच्या पट्टीवर आम्ही एवढे बोललो, ती बिलाच्या सातव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही. बाकीचे पैसे रेलिंगमध्ये, पायऱ्यांत, मजुरीत, जुना माल फेकण्यात आणि सांगाड्यात. आणि सांगाडा कॉम्पोझिटच्या डेकलाही पाइनचाच असतो. पंचवीस वर्षांची हमी वरच्या फळीची. खालच्या पाइनने असं काही वचन दिलेलं नसतं.

कॉम्पोझिटचा २७,५०० चा आकडा मी कोल्हापूरला दादाला सांगितला. त्या दिवशीच्या भावाने साधारण २३ लाख रुपये होत होते.

"तेवढ्यात इथं म्हशींचा गोठा हुतोय आणि वर स्लॅब," दादा म्हणाला.

वहिनी मागून म्हणाल्या, "भावोजी, जुनं लाकूड टाकू नका. बंबाला घाला."

मी सोमलाचं सांगितलं. ते जाळलं तर धूर विषारी, राख त्याहून. चुलीत, शेकोटीत, कशातच चालत नाही. भाड्याच्या कचरापेटीत भरून डंपवर पाठवावं लागतं, त्याचेही पैसे. वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. जळणाच्याही उपयोगाचं नसलेलं लाकूड ही कल्पना त्यांना २३ लाखांपेक्षा जास्त लागली असावी.

आमचा कंत्राटदार पोर्तुगीज, नूअर्कच्या आयर्नबाउंड भागातला. साठीचा असेल. रंगाच्या नमुन्यांचा संच त्याने गाडीतून काढलाही नाही, आधी गुडघ्यावर बसून डेकखाली बॅटरी मारली. डेक घराला जिथे टेकतो तिथे एक लांब तुळई असते, लेजर बोर्ड. आमची खिळ्यांवर लटकलेली होती, मागे पाणी झिरपून भुसभुशीत झालेली. डेक कोसळल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यांत वरच्या फळीचा सहसा दोष नसतो. ही तुळई सुटते, आणि ती नेमकी पार्टीच्या दिवशी सुटते, कारण माणसं त्याच दिवशी असतात. आता तिला बोल्ट लागतात, वर पाणी बाहेर टाकणारी फ्लॅशिंगची पट्टी लागते, आणि खिळे-स्क्रू जस्ताचा जाड मुलामा दिलेले नाहीतर स्टेनलेसचे, कारण नव्या औषधातलं तांबं साधं लोखंड खाऊन टाकतं. खांबांचे पायेही नवे, आमच्याकडे ३६ इंच खोल. त्याहून उथळ ठेवले तर हिवाळ्यात ओली माती गोठून फुगते आणि खांब वर उचलते. वसंतात ती खाली बसते, पण खांब होता तिथेच परत बसेल असं नाही.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट काढलंय त्यांना ते आठवायला नको असतं. सर्व्हेच्या नकाशावर डेक आखा, हद्दीपासूनचं अंतर दाखवा, काँक्रीट ओतण्याआधी खड्डे दाखवा, फळ्या टाकण्याआधी सांगाडा दाखवा. रेलिंग ३६ इंच उंच, आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये, म्हणजे मुलाचं डोकं अडकत नाही. या नियमाबद्दल मला काडीची तक्रार नाही. खणण्याआधी ८११ ला फोन करायचा, की माणसं येऊन जमिनीखाली काय कुठे आहे ते दाखवायला हिरवळीवर रंगाचे फवारे मारून जातात: गॅसची नळी पिवळी, वीज लाल, पाणी निळं. त्या आठवड्यात आमचं परस रंगपंचमीनंतरच्या गल्लीसारखं दिसत होतं.

अटलांटिक सिटीत, याच राज्यात, १८७० मध्ये समुद्रकाठी लाकडी बोर्डवॉक घातला तो हौस म्हणून नाही. लोकांच्या बुटांबरोबर वाळू हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत यायची, ती थांबवायला. मला हे फार आवडतं. घाण घराबाहेर ठेवायला फळ्या टाकल्या, आणि मग त्यावर छत्र्या आल्या.

आता तो दुसरा दोष. कंत्राटदार रंगाचे नमुने घेऊन शेवटी आला तेव्हा बायकोने त्याला एकच प्रश्न विचारला. कढत तेल सांडलं तर?

तो थांबला. तेलाचा डाग लगेच धुतला तर बहुतेक निघतो, म्हणाला. पण तवा खाली ठेवलात तर फळीवर तव्याचा आकार कायमचा राहील, प्लास्टिक ते प्लास्टिक. मग त्याने विचारलं, काय तळता?

मासे म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याच्याकडे जूनमध्ये सार्डिन, म्हणजे आपली तारली, भाजतात, अख्खे, कोळशावर, जाड मीठ लावून, घराबाहेर. बायकोने फोनवर त्याला तारल्यांचा फोटो दाखवला, त्याने तिला त्याच्या अंगणातला. दोघं पाचेक मिनिटं माशाच्या खवल्यांवर बोलत होते, आणि मी हातात 'राखाडी' आणि 'अधिक राखाडी' अशा दोन फळ्या धरून उभा.

मग तो जुन्या डेकवर आमची शेगडी जिथे असते तिथे गेला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. घराच्या बाहेरचं विनाइलचं, म्हणजे प्लास्टिकचं, आवरण तिथे हलकंसं ओघळलं होतं. आम्ही रोज बघत होतो, आम्हाला वाटायचं ते उन्हाने. डेकवर तळूच नका, तो म्हणाला. तीन पायऱ्या उतरा, भिंतीपासून दहा फूट पुढे जा, तिथे मी काँक्रीट ओततो. सांडा किती सांडायचं ते, पाइप लावला की झालं.

अंदाजपत्रकात तेव्हा एक ओळ वाढली: काँक्रीटची लादी, ६ बाय ८ फूट, १,१०० डॉलर. फळ्यांवर, रेलिंगवर, कचरापेटीच्या भाड्यावर, एवढंच काय पायऱ्यांखालच्या जाळीवरही बायकोने त्याच्याशी घासाघीस केली. या ओळीवर तिने फक्त विचारलं, आठ बाय आठ केली तर किती?