प्लॅनेरिया दिसला की कापू नका

दिवे मालवल्यावर फिशटँकच्या काचेवर सेंटिमीटरभर लांबीचा तपकिरी, ठिपकेदार, चपटा किडा सरकताना दिसला, तर भिंग घ्या. त्रिकोणी डोकं, दोन्ही बाजूंना कानासारखी टोकं आणि पांढऱ्या वर्तुळात तिरळे वाटणारे दोन काळे डोळे असतील, तर तो जिरार्डिया टायग्रिना जातीचा प्लॅनेरिया असण्याची दाट शक्यता आहे. पक्की ओळख मात्र प्रयोगशाळेत तपासूनच पटते. जळवेसारखा तो आखडत-ताणत चालत नाही. पोटाखालच्या सूक्ष्म केसांवर, स्वतःच्याच चिकट स्रावावरून संथ घसरत जातो.

हा मूळचा अमेरिकेचा. 1920च्या दशकात युरोपात पोचला, तो बहुधा शोभेच्या पाणवनस्पतींबरोबर. पुढे जपानपर्यंत गेला. त्याच्या यशाचं गमक त्याच्या शेपटीत आहे. मागचा भाग दगडाला घट्ट चिकटतो, पुढचा भाग ओढत राहतो, मधलं अंग ताणून ताणून बारीक होतं आणि शेवटी तुटतं. अंगभर पसरलेल्या मूळपेशी एका तुकड्याला शेपटी आणि दुसऱ्याला डोकं-डोळे परत उगवून देतात. कोमट पाण्यात हे आठवडा-दोन आठवड्यांत उरकतं. जोडीदाराची गाठ पडायची गरजच नाही, त्यामुळे एकच किडा वसाहतीला पुरतो. म्हणूनच ब्लेडने कापणं किंवा काचेवर चिरडणं हा सर्वांत वाईट उपाय.

तोंड डोक्याला नाही, पोटाच्या मध्यावर असतं. तिथून नळी बाहेर काढून तो बारीक अळ्या, कृमी आणि कोळंबीची पिल्लं शोषतो. उपाशी ठेवून मरेल ही आशा सोडा: अन्न नसलं की तो स्वतःचं अंग वापरून लहान होतो आणि महिनोन्महिने तग धरतो.

सापळा सोपा आहे. छोट्या बाटलीच्या झाकणाला दोन-तीन मिलिमीटरची भोकं पाडा, आत कच्च्या मांसाचा लहान तुकडा ठेवा, अंधार झाल्यावर तळाशी आडवी करा आणि तास-दोन तासांनी काढा. रात्रभर ठेवली तर खाऊन निघून जातात, शिवाय पाणी नासतं. फेनबेंडाझोल या जंतनाशक औषधाने ते मरतात, पण गोगलगायीही दगावतात, म्हणून गोगलगायी असलेल्या टाकीत ते नको.

पकडलेले किडे उकळत्या पाण्यात टाका. टाकीचं पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत ओतू नका. नवी रोपं वेगळ्या भांड्यात ठेवून पानांची खालची बाजूही बघा: बारीक देठाने चिकटलेले गडद, गोल, मोहरीएवढे दाणे म्हणजे प्लॅनेरियाच्या अंड्यांचे कोश.