बारा नंबर आणि चौदा नंबर

फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या पगारखात्याचा शिमगा. इथे अमेरिकेत ३१ जानेवारीच्या आत प्रत्येक कर्मचाऱ्याला डब्ल्यू-२ द्यावा लागतो. वर्षभरात पगार किती झाला आणि कर किती कापला, याचा एका पानाचा हिशेब. तो हातात पडला की फोन वाजायला लागतात, आणि निम्म्याहून जास्त फोन एकाच रकान्याबद्दल असतात. बारा नंबरचा रकाना, त्यात ‘डीडी’ ही दोन अक्षरं आणि पुढे भलामोठा आकडा.

त्याचं उत्तर मला झोपेतही देता येतं. कंपनीच्या आरोग्य विम्याचा वर्षाचा एकूण खर्च, कंपनीचा वाटा अधिक तुमचा वाटा. फक्त माहितीसाठी छापलेला. त्यावर कर नाही, तो पगारात धरलेला नाही, रिटर्न भरताना तो कुठे लिहायचाही नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याने हे छापणं आणलं, २०१२ सालच्या डब्ल्यू-२ पासून ते सक्तीचं झालं. आदल्या वर्षी २५० पेक्षा कमी डब्ल्यू-२ काढलेल्या कंपन्यांना अजून त्यातून सूट आहे. विमा खरा किती महाग असतो ते लोकांना कळावं, हा हेतू. लोकांना कळलं भलतंच. कायदा झाला त्याच वर्षी ‘आता विम्यावर कर लागणार’ असे ईमेल फिरले होते, आणि ती धास्ती अजून उतरलेली नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, गोदामातले एक फोर्कलिफ्टवाले गृहस्थ फोन न करता थेट माझ्या टेबलापाशी आले. साठीच्या पुढचे, हातात घडी घालून चुरगळलेला डब्ल्यू-२. डीडीपुढच्या १९,३२० वर त्यांनी पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता.

“हे एकोणीस हजार मी कधी बघितले? मला न देता माझ्या नावावर लावलेत तुम्ही लोकांनी.”

मी माझी टेप लावली. माहितीसाठी, कर नाही, काळजी करू नका. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. मग मी म्हटलं, बघा, हा आकडा तुमच्या पहिल्या रकान्यात, म्हणजे करपात्र पगारात, मिळवलेला नाही, दाखवते. आणि दाखवायला म्हणून त्यांची वर्षाची पगारपत्रकं उघडून बेरीज करायला घेतली. बेरीज जुळेना. रोजचा पगार आणि ओव्हरटाइम यांच्यापेक्षा पहिल्या रकान्यातली रक्कम ६,८४० डॉलरनी जास्त होती. आणि ते ६,८४० खाली चौदा नंबरच्या रकान्यात, कुणाच्या डोळ्यात भरणार नाहीत अशा बारीक टायपात, मुकाट बसले होते. त्यावर त्यांनी गोल काढला नव्हता.

आता हा चौदा नंबर काय ते सांगायला हवं, कारण आमच्या धंद्यातली खरी मेख इथे आहे. कंपनीने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंदी आली तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा द्यायला सुरुवात केली. तो करमुक्त असतो हे १९५४ च्या करसंहितेत पक्कं झालं, आणि आज या देशाची अर्धी वैद्यकीय व्यवस्था त्या एका सवलतीवर उभी आहे. सवलत स्वतःला, जोडीदाराला म्हणजे कायदेशीर नवरा-बायकोला, मुलांना आणि करदृष्ट्या अवलंबून असलेल्यांना. पण लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला कंपनीने विम्यात घेतलं, तर त्या जोडीदारापुरता विमा म्हणजे कर्मचाऱ्याचा पगारच समजायचा. पैसे हातात येत नाहीत, कर मात्र जातो.

या गृहस्थांचं असं होतं. एकट्याचा हप्ता महिना ७८० डॉलर, दोघांचा १,६१०. फरक ८३०. त्यातले २६० ते करकपातीनंतरच्या पगारातून स्वतः देत होते. उरलेले ५७० महिन्याला ‘पगार’ म्हणून चढत होते. आमच्याकडे पगार दर पंधरवड्याला, म्हणजे दर वेळी २६३ डॉलर ८ सेंट. ही ओळ मी वर्षातून सव्वीस वेळा पास करत होते.

“तुमच्या जोडीदार नोकरी करतात?” मी विचारलं.

“नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पडली, कंबर गेली. तेव्हापासून घरीच.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

कारण लग्न झालेलं नसलं तरी जोडीदार करदृष्ट्या अवलंबून ठरू शकते. वर्षभर एका घरात राहायला हवं, तिच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग यांनी उचलायला हवा. एरवी अवलंबून ठरायला उत्पन्नाची मर्यादाही आड येते, पण आरोग्य विम्याच्या बाबतीत ती अट लागत नाही. हे पगारखात्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना वरून सूचना असते की करसल्ला द्यायचा नाही. ‘कृपया आपल्या करसल्लागाराशी बोला.’ फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला करसल्लागार कुठून असणार, हे ते वाक्य लिहिणाऱ्याला एकदा विचारायचंय मला.

एचआरकडून त्यांचा २०१६ चा नोंदणी फॉर्म मागवला. पहिल्या पानावर ‘डोमेस्टिक पार्टनर’वर खूण. तिसऱ्या पानावर ‘माझी जोडीदार करदृष्ट्या माझ्यावर अवलंबून आहे’ असं प्रमाणपत्र, कोरं. २०१६ साली ते कोरंच बरोबर होतं, तेव्हा बाई नोकरी करत होत्या. पुढे दरवर्षी शरद ऋतूत विम्याची फेरनोंदणी होते, पण काही बदललं नाही तर जुनीच निवड आपोआप पुढे सरकते. सोय म्हणून केलेली गोष्ट. तिसरं पान परत कुणाला दिसतच नाही. एचआरच्या बाई म्हणाल्या, त्यांनी कळवायला हवं होतं. बरोबर आहे. कळवायचं असतं हे त्यांना कुणी कळवायचं, एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते बुटांचं एक खोकं घेऊन आले. सगळ्या पावत्या त्यांच्या जोडीदाराने ठेवलेल्या, वर्षवार, रबरबँड लावून. मी जेवणाच्या सुट्टीत बसले. करखात्याचा खर्च मोजायचा एक तक्ता आहे, तो घरातला खर्च माणशी वाटतो. २०२३ सालाचं सांगते, कारण तेच अवघड होतं. घरभाडं वर्षाचं १५,६००, करारनामा यांच्या नावावर. किराणा, वीज, पाणी धरून ९,६००. दोघांत वाटून बाईंच्या वाट्याला १२,६००. त्यांचे विम्याबाहेरचे औषधपाणी २,३००, कपडेलत्ते ७००. एकूण १५,६००. म्हणजे यांनी ७,८०० पेक्षा जास्त दिलेले असले पाहिजेत.

२०२१ आणि २०२२ सहज पार झाले, तेव्हा बाई स्वतःच्या जुन्या शिलकीतून थोडंसं काढत होत्या. पण बासष्ट पूर्ण झाल्यावर २०२३ च्या जानेवारीपासून त्यांना सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, महिना ७१० डॉलर सुरू झालेले. वर्षाचे ८,५२०. ते सगळे स्वतःवर खर्च झाले असतील तर त्यांनी स्वतःच निम्म्याहून जास्त भार उचलला, आणि प्रकरण तिथेच संपलं.

“हे पैसे सगळे घरखर्चाला जातात?”

ते गप्प झाले. मग खोक्याच्या तळातून एक पासबुक काढलं. दर महिन्याला १५० डॉलर. “हे ती वेगळे ठेवते. तिच्या अंत्यविधीचे. माझ्यावर बोजा नको म्हणते.”

बाजूला टाकलेली बचत खर्चात धरत नाहीत. ८,५२० मधून १,८०० गेले, उरले ६,७२०. सात हजार आठशेच्या आत. २०२३ पार झालं ते त्या पासबुकामुळे. मला त्या वेळी आनंद झाला, आकडा जुळल्याचा होतो तसा, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

लग्न का केलं नाही, हे मी विचारलं नाही. केलं असतं तर लग्नाच्या तारखेपासून एका दाखल्यावर सगळं मिटलं असतं. तो त्यांचा प्रश्न.

पुढचं काम माझ्या हातचं, आणि यात मी कुणाला हार जाणार नाही. २०१३ च्या २६ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता मिळाली, तेव्हा अशाच ‘पगारा’वर कापलेले पैसे परत करायला आम्ही ढिगाने दुरुस्तीचे कागद काढले होते. तो हात अजून बसलेला आहे. चालू वर्षाची ओळ पुढच्याच पगारापासून बंद केली. मागच्या वर्षांसाठी डब्ल्यू-२सी, म्हणजे दुरुस्त केलेला डब्ल्यू-२. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणाचा सरकारी आरोग्य विमा) यांची कपात मिळून ७.६५ टक्के, वर्षाचे ५२३ डॉलर २६ सेंट. ते कंपनीने त्यांना परत करायचे आणि आम्ही ९४१-एक्स, म्हणजे पगारातल्या कपातीच्या विवरणाची दुरुस्ती, भरून सरकारकडे मागायचे, आमचा तेवढाच वाटा त्यातच परत येतो. ‘मी हे पैसे दुसरीकडे मागितलेले नाहीत’ असं त्यांचं लेखी निवेदन हवं, नाहीतर सगळं अडतं. आयकर मात्र कंपनीला परत देता येत नाही, त्यासाठी त्यांनी प्रत्येक वर्षाचं १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त आयकर रिटर्न, भरायचं. बारा टक्क्यांनी वर्षाचे ८२० डॉलर ८० सेंट. राज्याचा कर वेगळा. ते स्वतः देत असलेले २६० करकपातीआधी गेले असते तर आणखी वाचले असते, पण ती निवड मागे जाऊन बदलता येत नाही.

मुदत तीन वर्षांची. २०२१ साठी आमच्या हातात १५ एप्रिलपर्यंतचा वेळ होता, आणि साहेबांची सही मिळायला तीन आठवडे गेले. साहेबांचं म्हणणं, एकाला दिलं की सगळे येतील. यादी काढली तर जोडीदाराचा विमा असा पगारात धरलेले सगळे मिळून अकरा जण होते. मी अकराही जणांना पत्र पाठवलं, तिसऱ्या पानाची प्रत जोडून. तिघांचं उत्तर आलं. एकाने लिहिलं की माझी जोडीदार माझ्यापेक्षा जास्त कमावते, असं पत्र तिच्या हाती लागलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

सगळे कागद तयार झाले त्या दिवशी ते सह्या करायला आले. २०२१, २२, २३, २४. मोजून म्हणाले, “२०२० चं कुठाय? तेव्हाही ती घरीच होती.”

“२०२० ची मुदत गेली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये.”

“म्हणजे गेल्या वर्षी याच दिवसांत आलो असतो तर मिळाले असते?”

“हो.”

ते काही बोलले नाहीत, सही करून गेले. संध्याकाळी फाइल बंद करायची म्हणून मी त्यांच्या नावावरच्या जुन्या नोंदी चाळल्या. फेब्रुवारी २०२४ ची एक होती. त्यांनी फोन केला होता. बारा नंबरच्या रकान्यातल्या आकड्याबद्दल. फोन चार मिनिटांचा, खाली माझी आद्याक्षरं, आणि मीच टाइप केलेली एक ओळ: ‘डीडी समजावले. कर नाही. प्रकरण बंद.’