टाकीचा मीटर, भाग ३: चिप बोलतेय, पण काय?

या भागात सेन्सर जोडणार होतो. त्याची पिशवीही फोडली नाही. तीन संध्याकाळी नुसत्या सिरीयलने, म्हणजे चिप आणि लॅपटॉप यांच्यातल्या तारेवरच्या संवादाने, खाल्ल्या.

नव्यांसाठी: मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, ते खाली पंपापाशी दिसावं, एवढाच उद्योग. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) सुटा एटमेगा३२८पी, म्हणजे सगळं चालवणारी मायक्रोकंट्रोलर चिप; प्रोग्रॅम यूएसबीएएसपी या प्रोग्रॅमरने चढवतो, आकडे लॅपटॉपवर बघायला सीएच३४० चिपचं यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर.

पहिल्या संध्याकाळी पोर्टच दिसेना. केबल लोकलमध्ये घेतलेली, आत फक्त चार्जिंगच्या दोन तारा. ती बदलली, तर पोर्ट आला आणि क्षणात गेला. डीमेसेज (लिनक्सची अंतर्गत नोंदवही) वाचल्यावर कळलं, लिनक्समधला बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्रॅम त्याला पळवत होता. एका ब्रेल यंत्राचा यूएसबी आयडी आणि सीएच३४०चा आयडी एकच आहे. मला तो लागत नाही, काढून टाकला. ज्यांना लागतो त्यांनी त्याचा तेवढा यूडेव्ह नियम (यंत्र जोडल्यावर काय करायचं ते सांगणारा) बंद करावा. मग स्वतःला डायलआउट ग्रुपात (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या) घातलं, ते नेहमीचंच.

दुसऱ्या संध्याकाळी आधी चिप बाजूला ठेवली आणि कन्व्हर्टरचे टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची पिन) एका जंपरने जोडले. टाइप केलेलं जसंच्या तसं परत आलं, म्हणजे लॅपटॉपपासून कन्व्हर्टरपर्यंत सगळं ठीक. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मग चिप जोडली, ग्राउंड एक केलं, एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला लावला, सेकंदाला ९६०० बिट या वेगावर सिरीयल मॉनिटर उघडला. प्रश्नचिन्हं आणि चौकोनांचा पाऊस.

काहीच न येणं म्हणजे बहुतेक वायरिंग. कचरा येणं म्हणजे वेग. उगाच ४८०० करून पाहिलं, तर मजकूर बराचसा वाचता आला! बरोब्बर निम्मा वेग. तेव्हा आठवलं, क्रिस्टल (चिपला ठोका देणारा बाहेरचा भाग) आणि त्याचे दोन २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर वाचवायला मी फ्यूज (चिपमधली कायमची सेटिंग) बदलून चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर टाकली होती, आणि कोड मात्र अजून १६ धरून कंपाइल होत होता. एका सेकंदाने लुकलुकायचा एलईडी दोन सेकंद घेत होता, तेही मी आदल्या दिवशी पाहून सोडून दिलं होतं. तसाच सेन्सर लावला असता, तर वरच्या सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतरही निम्मं दिसलं असतं: टाकी रिकामी होत चाललेली आणि मीटर म्हणतोय, भरपूर आहे. सेक्रेटरीकाकांनी मला गच्चीवरच कोंडलं असतं.

बोर्डाच्या सेटिंगमध्ये ८ केलं, ९६०० चालू झालं. तरी मधूनच एखादं अक्षर बिघडे. आतला ऑसिलेटर, म्हणजे तेच आतलं घड्याळ, कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत चुकलेला असू शकतो. म्हणून तिसऱ्या संध्याकाळी सतत 'यू' हे कॅपिटल अक्षर पाठवलं (त्याचे बिट एकाआड एक, म्हणजे चौकोनी लाट) आणि लॉजिक अनालायझर (तारेवरचे बिट वेळेसकट टिपणारं यंत्र) लावला. बिट १०४ मायक्रोसेकंदांचा हवा, मिळाला १०९. साडेचार टक्के हळू. रिसीव्हर प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीच्या स्टार्ट बिटाला घड्याळ लावतो, तिथून शेवटच्या स्टॉप बिटापर्यंत घसरण जवळजवळ अर्ध्या बिटावर जाते. अक्षर वाचलं तर नशीब. त्या घड्याळाचा वेग ठरवणारं ओएससीकॅल रजिस्टर थोडं थोडं वाढवत बिट १०४ वर आणला, रजिस्टरचा तो आकडा प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये लिहिला. रात्रभर चालू ठेवलं, एकही अक्षर बिघडलं नाही.

आता गच्चीपासून पंपापर्यंत सात मजले. चिपच्या साध्या टीटीएल सिग्नलची ती झेप नाही, लांब तारांसाठीचं आरएस-४८५ लागणार. शनिवारी लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन त्यासाठीच्या मॅक्स४८५ चिपचे दोन मॉड्यूल आणतो. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. येताना क्रिस्टलही घेईन म्हणतो.